नाव, वानगी आणि बालवाचक : अपेक्षाभंगाविषयी काही विचार

१

'लेखकाच्या लौकिकाला साजेसे हे पुस्तक नाही' हे वाक्य मराठी ग्रंथपरीक्षणांतून इतक्या वेळा येते की त्याच्या अर्थाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. परीक्षणाच्या अखेरीस, काहीशा संकोचाने, परीक्षक हे वाक्य लिहितो आणि थांबतो. त्याला नेमके काय म्हणायचे असते? पुस्तक वाईट आहे, असे? की ते एरवी बरे आहे, परंतु या लेखकाचे म्हणून कमी पडते, असे? की लेखकाने आपल्यावर काही अन्याय केला आहे, असे? पहिले विधान वाङ्मयीन मूल्यमापनाचे आहे, दुसरे तौलनिक आहे आणि तिसरे नैतिक आहे. ही तिन्ही विधाने एका वाक्यात सरमिसळ होऊन येतात आणि त्यामुळे त्यांपैकी एकाचीही जबाबदारी परीक्षकावर राहत नाही.

नापसंती आणि अपेक्षाभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपरिचित लेखकाचे सामान्य पुस्तक हाती आले तर आपण कंटाळतो, ते मिटून ठेवतो आणि विसरतो. ज्या लेखकाने आपल्या जाणिवेला एकेकाळी वळण दिले, त्याचे सामान्य पुस्तक मात्र आपण विसरू शकत नाही. ते आपल्याला लागते. या लागण्यामागे वाचक आणि लेखक यांच्यातील एक पूर्वसंबंध गृहीत असतो. अपेक्षाभंग हा त्या अर्थाने संबंधाचा अनुभव आहे. आणि जेथे संबंध येतो तेथे हक्क, कर्तव्य, विश्वास या नैतिक कोटी अपरिहार्यपणे येतात.

पुस्तक मुलांसाठी लिहिलेले असले म्हणजे हा प्रश्न अधिक बिकट होतो. प्रौढांसाठी लिहून मान्यता पावलेला लेखक मुलांसाठी कादंबरी लिहितो आणि त्याचा जुना चाहता ती वाचून निराश होतो, या प्रसंगात निराश होणारा वाचक आणि ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले गेले तो वाचक या दोन भिन्न व्यक्ती असतात. मग ही निराशा कोणाची, आणि ती व्यक्त करण्याचा अधिकार कोणाला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उदाहरण म्हणून जी. ए. कुलकर्णी यांची 'बखर बिम्मची' समोर ठेवली आहे; तथापि त्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वी अपेक्षेचे स्वरूप थोडे तपासून घेणे आवश्यक आहे.

२

मिशेल फुको यांनी १९६९ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात असे दाखवून दिले की लेखकाचे नाव केवळ एका व्यक्तीचा निर्देश करीत नाही. ते काही संहितांना एकत्र आणते, इतरांपासून वेगळे करते आणि त्या कशा वाचाव्यात याची सूचना देते. आपल्याकडे हा विचार मांडताना तो बहुधा अमूर्त पातळीवरच राहतो. नावावर ठेवलेला विश्वास व्यवहारात कसा काम करतो हे पाहावयाचे असेल तर पुण्यातील गुलटेकडीचे मार्केट यार्ड हे अधिक उपयुक्त ठिकाण आहे. तेथील भुसार बाजारात धान्याच्या पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढले जातात आणि तेवढ्यावरून सबंध मालाचा अंदाज बांधला जातो. ही 'वानगी'. 'वानगीदाखल' हा शब्द आपण समीक्षेत सर्रास वापरतो. तो बाजारातून आलेला आहे हे मात्र विसरतो. फळबाजारात आंब्याच्या हंगामात हापूसच्या पेट्या येतात तेव्हा प्रत्येक पेटी तळापर्यंत उघडून पाहणे कोणालाच शक्य नसते. पेटीवरचे गावाचे नाव आणि आडत्याशी असलेला जुना व्यवहार यांच्या भरवशावर किरकोळ विक्रेता पेटी उचलतो. परप्रांतीय आंबा कोकणातला म्हणून विकला जातो ही तक्रार म्हणूनच गंभीर मानली जाते, आणि २०१८ मध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागेही नावाचे हे मोल होतेच.

लेखकाच्या नावावर पुस्तक घेणारा वाचक वरवर पाहता हाच व्यवहार करीत असतो. आधीची पुस्तके ही त्याची वानगी. नव्या पुस्तकात तोच दाणा निघाला नाही तर आपण फसवले गेलो, असे त्याला वाटते. परंतु हे साम्य फार दूरवर नेता येत नाही. वानगी आणि पोते एकाच मालाची असतात, म्हणूनच वानगीला अर्थ असतो. 'काजळमाया' ही 'बखर बिम्मची'ची वानगी नव्हे. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाविषयी कोणताही करार निर्माण होत नाही, कारण लेखकाने तसे वचन कधी दिलेले नसते. वाचकाने ते परस्पर घेतलेले असते. उलट, प्रत्येक वेळी तोच दाणा देणाऱ्या लेखकाला आपणच पुढे 'स्वतःची पुनरावृत्ती करणारा' म्हणून बाजूला सारतो. म्हणजे वाचकाची मागणी अंतर्विरोधी आहे. त्याला तेच हवे असते आणि तेच नकोही असते.

हान्स रॉबर्ट यौस या जर्मन अभ्यासकाने १९६७ पासून मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना येथे आठवते. वाचक प्रत्येक कृतीकडे पूर्वीच्या वाचनाने घडलेल्या अपेक्षा घेऊन जातो. कृती त्या अपेक्षांपासून जितकी दूर जाते, क्षितिज बदलण्यास जितके भाग पाडते, तितके तिचे कलामूल्य अधिक, असा त्या विचाराचा सर्वसाधारण रोख आहे. हे मान्य केल्यास अपेक्षाभंग हा दोष उरत नाही, तो गुणच ठरू पाहतो. आणि तरीही प्रत्येक अपेक्षाभंग क्षितिज विस्तारणारा नसतो, हे कोणताही अनुभवी वाचक सांगेल. काही पुस्तके आपल्याला अनोळखी प्रदेशात नेऊन गोंधळवतात. काही आपल्याला माहीत असलेल्या प्रदेशातच, पण कुंपणाच्या आत, फिरवून आणतात. पहिल्या प्रकारात वाचक अपुरा पडतो, दुसऱ्यात लेखक. प्रथमदर्शनी दोन्ही अनुभवांची चव सारखीच कडू असते. त्यांतील भेद ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

३

बालवाचकाच्या बाबतीत या सर्व चर्चेला वेगळेच वळण लागते, कारण बालवाचकाजवळ लेखकाच्या नावाची स्मृती नसते. अभिनवगुप्ताने कल्पिलेला सहृदय हा काव्याच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा रसिक आहे. यौस यांच्या वाचकाजवळही पूर्ववाचनाची शिदोरी असतेच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला या दोन्ही व्याख्यांत जागा नाही. भा. रा. भागवत यांचे 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' वाचून संपवणारा मुलगा पुढच्या पुस्तकाची वाट पाहतो, म्हणजे त्यालाही अपेक्षा असते. परंतु ती फेणेकडून असते. पुस्तकावर भागवतांचे नाव आहे की आणखी कोणाचे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. नावाची स्मृती त्या पुस्तकाचे पैसे देणाऱ्या पालकाजवळ, ते शाळेच्या ग्रंथालयात लावणाऱ्या शिक्षकाजवळ आणि त्याचे परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकाजवळ असते.

यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. पुस्तक मुलासाठी असते, पण ते मुलापर्यंत पोहोचण्याआधी त्याचा सगळा व्यवहार मोठ्यांमध्ये पार पडलेला असतो. जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये 'पीटर पॅन'च्या निमित्ताने लिहिलेल्या ग्रंथात बालसाहित्य जवळजवळ अशक्य आहे अशी टोकाची भूमिका घेतली, ती याच कारणाने. त्यांच्या मते बालसाहित्यातील मूल हे प्रौढांच्या इच्छेने घडवलेले मूल असते. खरे मूल त्या व्यवहाराच्या बाहेरच राहते. ही भूमिका जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील इशारा महत्त्वाचा आहे.

पुन्हा बाजाराचेच उदाहरण घ्यावयाचे तर जुन्या बाजारपेठांतील हत्ता पद्धत आठवावी. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असे. पण रुमालाखाली काय बोलणे झाले ते त्याला कळत नसे. पुढे बाजाराच्या नियमनासाठी कायदे झाले आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तो या एका गोष्टीमुळे: व्यवहारातील जो पक्ष स्वतः तपासून पाहू शकत नाही त्याच्यासमोर व्यवहार उघडपणे झाला पाहिजे.

मुलांसाठी लिहिलेल्या पुष्कळ पुस्तकांतून हा रुमाल दिसतो. निवेदक मुलाशी बोलतो आहे असा देखावा असतो. प्रत्यक्षात तो मुलाच्या डोक्यावरून पालकाकडे पाहून स्मित करीत असतो. मुलाचे बोबडे तर्क, त्याच्या चुका, त्याचे निरागस प्रश्न हे मोठ्यांनी कौतुक करावे म्हणून मांडलेले असतात. मुलाला ते कौतुक कळत नाही. आपल्याविषयी काहीतरी चालले आहे एवढे मात्र कळते.

येथे अपेक्षाभंगाचे दोन प्रकार स्वच्छ वेगळे करता येतात. 'हे पुस्तक या लेखकाच्या इतर पुस्तकांसारखे नाही' हा पहिला. ती प्रौढ चाहत्याची वैयक्तिक तक्रार आहे आणि तिला नैतिक आधार नाही. 'प्रौढ वाचकाला देताना जे लेखकाला स्वतःलाच चालले नसते, ते त्याने मुलाला दिले' हा दुसरा. हा आक्षेप मुलाच्या वतीने घेतलेला आहे, आणि मूल तो स्वतः घेऊ शकत नाही म्हणूनच तो घेणे हे प्रौढ वाचकाचे कर्तव्य ठरते. तपासू न शकणाऱ्या वाचकाशी लेखक कसा वागतो, यावरून त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते. सावध वाचकासमोर प्रामाणिक राहणे तुलनेने सोपे असते.

४

या दुसऱ्या प्रकारच्या अपेक्षाभंगाचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्रजी साहित्यात आहे आणि त्याचा एक धागा मराठीपर्यंत येतो. रॉबर्ट बॅलंटाइन या स्कॉटिश लेखकाची 'द कोरल आयलंड' ही कादंबरी १८५७च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन मुले प्रशांत महासागरातील एका बेटावर अडकतात आणि शौर्य, सहकार्य व श्रद्धा यांच्या बळावर निभावून नेतात. इंग्लंडमधील मुलांच्या काही पिढ्या या पुस्तकावर वाढल्या. त्या कादंबरीतील एक चूक प्रसिद्ध आहे. बॅलंटाइनने प्रवाळद्वीप कधी पाहिलेले नव्हते. त्याने नारळ पाहिला होता तो दुकानातला. त्यामुळे त्याच्या बेटावरील मुलांना झाडावरचा नारळ दुकानातल्या नारळासारखाच, काथ्याच्या जाड आवरणावाचून मिळतो. कोकणातील कोणतेही मूल यावर हसेल. मात्र मार्केट यार्डात पोत्यांतून येणारे सोललेले नारळच ज्याने पाहिले आहेत अशा पुण्यातील मुलाला त्यात काही खटकणार नाही. बॅलंटाइनला ही चूक पुढे कळली आणि यापुढे जे लिहायचे ते शक्यतो प्रत्यक्ष पाहून लिहायचे असे त्याने ठरवले. मुलांसाठी लिहिणाऱ्याने आपल्या अज्ञानाची एवढी लाज बाळगावी, ही आदराने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

परंतु नारळाहून मोठी एक गोष्ट त्या कादंबरीत सोलून दिलेली होती, ती म्हणजे मुलांचा स्वभाव. विल्यम गोल्डिंग या शाळामास्तराला ते जाणवले. त्याने १९५४ मध्ये 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' लिहिली तेव्हा बॅलंटाइनच्याच राल्फ आणि जॅक या नावांची मुले निर्मनुष्य बेटावर नेऊन ठेवली आणि भीती, टोळीवृत्ती व हिंसा यांनी त्यांचे काय होते ते दाखवले. कादंबरीच्या अखेरीस मुलांना सोडवायला आलेला नौदलाचा अधिकारी 'कोरल आयलंड'चे नाव घेतो, तेव्हा त्या उल्लेखातील उपरोध जीवघेणा होतो. गोल्डिंगचा आक्षेप आपल्या वर्गीकरणात दुसऱ्या प्रकारचा आहे. बॅलंटाइन आपल्या इतर पुस्तकांहून वेगळा लिहितो अशी ती तक्रार नाही. मुलांना त्यांच्याविषयीच जे सांगितले गेले ते खरे नव्हते, हा तो आक्षेप आहे. त्या अपेक्षाभंगातून एक श्रेष्ठ कादंबरी निर्माण झाली, यावरून अपेक्षाभंग ही केवळ नकारात्मक भावना नाही हेही दिसते.

'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'चा मराठी अनुवाद जी. ए. कुलकर्णी यांनी केला. आणि त्याच जी. एं.नी, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, मुलांसाठी 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' ही पुस्तके लिहिली.

५

१९५९ मधील 'निळा सावळा'पासून 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया', 'रमलखुणा', 'पिंगळावेळ' अशी वाट चालत आलेला वाचक बिम्मच्या दारात येतो तेव्हा तो गोंधळतो, हे समजण्यासारखे आहे. जी. एं.च्या कथाविश्वात माणूस नियतीच्या हातचे खेळणे असतो. तेथे विद्रूपता, वेदना, अपमान आणि मृत्यू यांना टाळून जाता येत नाही. बिम्मच्या जगात घर आहे, आई आहे, बब्बी ही बहीण आहे, घराभोवतालचे प्राणी-पक्षी आहेत आणि या सर्वांशी एका लहान मुलाचा चाललेला अखंड संवाद आहे. एका सलग कथानकाची घट्ट कादंबरी तिला म्हणता येत नाही. एका मुलाभोवती गुंफत गेलेल्या प्रसंगांची ती माळ आहे. 'हे जी. ए. कोठे गेले?' असा प्रश्न जुन्या वाचकाला पडतो. पदव्युत्तर वर्गात जी. एं.च्या कथेचा अभ्यास झाल्यानंतर हे पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रतिक्रियाही बहुधा अशीच असते. फार तर ते त्याला लेखकाचा विसावा म्हणतात.

ही पहिल्या प्रकारची निराशा आहे आणि ती टिकणारी नाही. मराठीतील 'बखर' हा शब्द राजे, लढाया आणि वंशावळी यांच्याशी जोडलेला आहे. ज्याच्या आयुष्यात मोठ्यांच्या दृष्टीने काहीच घडत नाही अशा मुलाच्या दिवसांना हा शब्द लावणे, यात विनोद आहे आणि त्या विनोदाच्या तळाशी आदरही आहे. लहान मुलाच्या दृष्टीने त्याचे दिवस बखरीइतकेच घटनापूर्ण असतात. जी. एं.ची तपशिलावरची, रंगांवरची पकड येथे सुटलेली नाही. क्षितिज लहान आहे, कारण पाहणारा लहान आहे. जे पुस्तक चार पावलांचे जग दाखवण्याची प्रतिज्ञा करते, त्याच्याकडून 'रमलखुणा'तील वाळवंटांची मागणी करणे हा वाचकाचा हट्ट होय.

परंतु गोल्डिंगचा अनुवाद शेजारी ठेवला की दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. मुलांच्या मनात कोणता अंधार असू शकतो हे सांगणारी कादंबरी ज्याला मराठीत आणावीशी वाटली, त्याने मुलांसाठी लिहिताना तो अंधार का वगळला? त्याला जर तो अंधार खरा वाटत होता, तर बिम्मचे प्रकाशमय जग हे मुलाला सांगितलेले एक गोड असत्य नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना न सांगणे आणि खोटे सांगणे यांत भेद केला पाहिजे. बॅलंटाइनने, आपल्या काळाच्या समजुतींना अनुसरून, एक सामान्य विधान केले होते: मुले अशी असतात, आणि विशिष्ट देशाची व धर्माची मुले तर अशीच असतात. ते विधान खोटे पडू शकते आणि पडलेही. बिम्मचे पुस्तक असे विधान करीत नाही. जग दयाळू आहे असा सिद्धान्त त्यात नाही. एका मुलाला एका वयात जग जसे भेटते, तसे ते आहे. त्या वयाच्या पलीकडचे जे आहे ते तेथे सांगितलेले नाही, पण नाकारलेलेही नाही. मौन हा प्रत्येक वेळी अप्रामाणिकपणा नसतो. मुलाला काय केव्हा सांगावे याविषयीचा विवेक हा लेखकाच्या प्रामाणिकपणाचाच एक भाग मानला पाहिजे.

एवढा बचाव केल्यानंतरही माझ्या मते एक निराशा शिल्लक राहते, आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. जी. एं.च्या 'चैत्र' या कथेत हळदीकुंकवाच्या निमित्ताने आईला सोसावा लागलेला अपमान एका लहान मुलाच्या डोळ्यांसमोर घडतो. या कथेवर पुढे क्रांती कानडे यांनी २००२ मध्ये लघुपट केला. ती कथा प्रौढांसाठी आहे. परंतु तिच्यात लेखक मुलाच्या शेजारी उभा राहून मुलाला दिसते तेच पाहतो. मुलाकडे पाहून तो कोठेही हसत नाही, त्याचे कौतुक करीत नाही, त्याची कीव करीत नाही. 'बखर बिम्मची'त मात्र काही ठिकाणी निवेदक बिम्मबरोबर पाहण्याऐवजी बिम्मकडे पाहतो. त्याच्या लडिवाळपणात एक प्रौढ वात्सल्य उतरते, आणि त्या क्षणी पुस्तक मुलाच्या हातून निसटून पालकाच्या हाती जाते. वर ज्या रुमालाचा उल्लेख केला तो येथे क्षणभर दिसतो. प्रौढांसाठी लिहिलेल्या कथेत लेखकाने मुलाला जी समानता दिली, ती मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याच्याकडून सर्वत्र दिली गेली नाही, हा माझा आक्षेप आहे. विषय सौम्य निवडला याला माझी हरकत नाही. दृष्टी मधूनमधून सौम्य झाली, याला आहे. आणि हा आक्षेप घेण्याचा मापदंड जी. एं.नीच 'चैत्र'सारख्या कथेतून आपल्या हाती दिला आहे.

येथे वाचकाला एक विसंगती जाणवेल. आधीचे पुस्तक पुढच्याची वानगी नव्हे असे म्हणावयाचे आणि पुन्हा 'चैत्र'च्या आधारे 'बिम्म'ला तोलावयाचे, हे कसे? भेद असा आहे की वानगीवरून आपण मालाची मागणी करतो, मापदंडावरून नाही. 'चैत्र'सारखी गोष्ट पुन्हा लिहा असे कोणी म्हणत नाही. मुलाला समान मानणे शक्य आहे एवढे त्या कथेने सिद्ध केले. जे शक्य आहे हे लेखकानेच दाखवून दिले, ते त्याने सर्वात दुबळ्या वाचकाच्या वेळी सोडून द्यावे काय, असा हा प्रश्न आहे.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशा विचारातून दुःख, दारिद्र्य आणि मृत्यू यांचे दर्शन म्हणजेच सत्य असे समीकरण तयार होईल. हे समीकरण मान्य करण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. मुलापासून काहीही लपवलेले नाही. तरीही तिच्याविषयी तक्रार करणाऱ्या वाचकाचे म्हणणे असे असते की येथे घटनेबरोबर तिच्यावर कसे रडावे हेही सांगितले जाते. प्रौढ श्यामचा पश्चात्ताप लहान श्यामच्या अनुभवावर सतत सावली धरतो. ही तक्रार कितपत रास्त आहे हा स्वतंत्र विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की, दुःखद आशयामुळे पुस्तक आपोआप मुलाला समान मानणारे होत नाही. उलट, विंदा करंदीकरांच्या १९६१ मधील 'राणीची बाग'सारख्या बालकवितेत निखळ गंमत आहे, पण ती मुलाच्या बाजूने केलेली गंमत आहे. तिच्यात प्रौढांकडे पाहून केलेली खूण नाही. 'स्वेदगंगा'च्या कवीचा वाचक त्या कवितेने निराश झालाच, तर तो पहिल्या प्रकारे निराश होईल, दुसऱ्या नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्रौढांसाठीचे लेखन मोठे आणि मुलांसाठीचे लहान, ही उतरंडच या सर्व निराशेच्या मुळाशी आहे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. टॉलस्टॉयने १८७२ मध्ये मुलांसाठी वाचनमाला तयार केली आणि तिच्यात साध्या भाषेतल्या गोष्टी लिहिल्या. 'युद्ध आणि शांती'च्या लेखकाने अंकलिपीत वेळ घालवावा, याचे त्याच्या अनेक चाहत्यांना वैषम्य वाटले असल्यास नवल नाही. पुढे १८९७-९८ मधील 'कला म्हणजे काय?' या ग्रंथात टॉलस्टॉयने स्वतःचे जवळजवळ सगळे ललित लेखन वाईट कलेच्या वर्गात टाकले आणि फक्त दोन कथांना वगळले. 'देवाला सत्य दिसते, पण तो थांबतो' आणि 'कॉकेशसमधील कैदी' या त्या दोन कथा. दोन्ही त्याने मुलांच्या वाचनमालेसाठी लिहिलेल्या होत्या. टॉलस्टॉयचा हा निवाडा आपण स्वीकारलाच पाहिजे असे नाही. परंतु चाहता जेथे लेखक 'खाली उतरला' असे समजतो, तेथे लेखक आपण वर चढलो असे समजत असू शकतो, ही शक्यता कोणत्याही परीक्षकाने नजरेआड करू नये.

ही उतरंड नाकारली म्हणजे बालसाहित्यावरचा आक्षेप सौम्य होत नाही; तो अधिक कठोर होतो. मुलांचे पुस्तक जर गौण नसेल, तर त्याला गौण पुस्तकाची सवलतही देता येणार नाही. थोर लेखकाने मुलांसाठी काही लिहिले की मराठीत बहुधा दोनच प्रतिसाद उमटतात: 'गोड' हे विशेषण किंवा मौन. दोन्हींमागे त्या लेखकाविषयीचा आदर असतो, असे आपण समजतो. या आदराची किंमत मात्र ते पुस्तक हाती पडणारे मूल देते, आणि आपण काय देत आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

तेव्हा प्रशंसित लेखकाच्या बालकादंबरीने निराश झालेल्या समीक्षकापुढे दोन कामे आहेत. आपल्या निराशेतून आपल्या जुन्या आवडीचा वाटा त्याने आधी वजा करावा. तो वजा केल्यावर काही उरले नाही, तर ते पुस्तक निमूटपणे मुलांच्या स्वाधीन करावे. त्यांना त्याची गरज असेल तर ती ते ठेवून घेतील. काही उरले, तर ते उघडपणे, उदाहरणांसह आणि लेखकाच्या नावाचा संकोच न बाळगता लिहावे. जी. एं.विषयी जो आदर वाटतो तो त्यांनी कोणत्याही वाचकाला खोट्या दिलाशाने फसवले नाही म्हणून वाटतो. त्यांच्या सर्वात लहान वाचकाच्या बाबतीतही हा आग्रह धरणे, हे त्या आदराशी सुसंगतच आहे.